कांचन फुलेपर्यंत

दसऱ्याच्या संध्याकाळी मी आईच्या हातात सोनं दिलं, वाकून नमस्कार केला, आणि तिने आशीर्वाद द्यायच्या ऐवजी पान तपासायला घेतलं. चष्मा कपाळावर सरकवला, पान डोळ्यांजवळ नेलं, उलटं केलं, शिरा पाहिल्या आणि म्हणाली, "हा आपटा नाही."

मला राग आला. माझा राग नाकावरच असतो, त्याला लांबून यावं लागत नाही. ऑफिसातून येऊन, दमट हवेत घामाघूम होऊन, एका हाताने फांदी खाली ओढून मी ती पानं तोडून आणली होती. "सणासुदीला तरी परीक्षा नको घेऊस," मी म्हणाले.

"परीक्षा कुठे घेतेय? आपट्याचं पान लहान असतं, जाड असतं, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. हे बघ केवढं मोठं आणि मऊ आहे. सोन्यासारखी राहा." शेवटचं वाक्य आशीर्वादाचं होतं, ते तिने त्याच सुरात उरकून टाकलं.

आता दोह्यात आपटा मिळणार कुठे? आमच्या मागच्या गल्लीत एका व्हिलाच्या भिंतीला लागून ते झाड आहे. पान मधोमध दुभंगलेलं, आपट्यासारखं. कुणीतरी कधीतरी ते पहिल्यांदा पाहिलं, आमच्या भागातल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर 'आपटा सापडला' म्हणून फोटो टाकला, आणि तेव्हापासून दरवर्षी आम्ही सगळ्याजणी तिथेच जातो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या खालच्या फांद्या निव्वळ काड्या झालेल्या असतात. आपल्या झाडाला दरवर्षी एका संध्याकाळीच कसला रोग होतो, असं त्या व्हिलातल्या लोकांना नक्की वाटत असणार.

आई हे ऐकून हसली. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही एकमेकींना खोटं सोनं देताय."

माझी आई नाशिकच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तिच्या वर्गात मी दोन वर्षं होते आणि त्यातला बराच वेळ वर्गाबाहेर. तिला रस्त्याने सरळ चालता येत नाही. दर चार पावलांवर थांबून मान वर करते. बाबा होते तेव्हा ते पुढे जाऊन एखाद्या कट्ट्यावर बसून राहायचे आणि ती येईपर्यंत पेपर वाचायचे.

बाबा गेल्यावर ती नाशिकच्या फ्लॅटमध्ये एकटीच राहायला लागली. 'मस्त आहे मी,' हे तिचं फोनवरचं ठरलेलं वाक्य. मग एकदा ती बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि दूधवाल्याने बेल वाजवेपर्यंत तिथेच पडून राहिली. हे तिने मला सांगितलं नाही. शेजारच्या काकूंनी सांगितलं, तेही बऱ्याच दिवसांनी, मला माहीतच असेल असं धरून. त्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले आणि मग घरी येऊन सगळ्यांवर ओरडले.

मी एकुलती एक. म्हणजे आई राहणार तर माझ्याकडेच. आणि नेमकं तेच तिला चालत नव्हतं. लेकीकडे पाहुणी म्हणून यावं, चार दिवस लाड करून घ्यावेत, जावयाला अडचण व्हायच्या आत निघावं, हा तिचा नियम. ग्रहणात पोटभर जेवणारी, सोवळं-ओवळं न मानणारी बाई, पण जावयाच्या घरी कायमचं राहायचं म्हटलं की तिच्यात तिची आजी संचारायची. "लोक काय म्हणतील हे सोड," ती म्हणायची, "मलाच कसंतरी वाटेल." लोकांशी भांडता येतं. 'कसंतरी'शी कसं भांडायचं?

भाऊबिजेनंतरचं परतीचं तिकीट काढूनच ती आली होती. ती परत जाऊ नये, एवढीच माझी इच्छा होती, आणि ती तोंडाने बोलायची सोय नव्हती. बोललं की ती बॅग आधीच भरायला घेईल, हे मला ठाऊक होतं.

तर दसऱ्याच्या त्या संध्याकाळी मी चिडून विचारलं, "बरं, आपटा नाही तर मग काय आहे ते?"

"कांचनाच्या जातीतलं दिसतंय," आई म्हणाली. "पण कांचनही दोन-तीन तऱ्हेचे असतात. फुलल्याशिवाय सांगता येणार नाही."

तेवढ्यात माझी लेक मधे पडली. ती नववीत आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. "आय नो दॅट ट्री. इट्स चेरी ब्लॉसम, आजी." तिच्याकडे पुरावा होता. आदल्या वर्षी स्कूल बसच्या खिडकीतून तिने त्या झाडाचा फोटो काढला होता. तो शोधून तिने आजीपुढे धरला. फोटो तिरका, थोडा हललेला, पण झाड खरंच नखशिखांत गुलाबी होतं. ही मुलगी जपानी कार्टून बघत वाढलेली, तिच्या दृष्टीने जगात जे जे गुलाबी ते सगळं चेरी.

"चेरीला थंडी लागते गं," आई म्हणाली. "इथे कुठली आलीय?"

"बट लुक ॲट इट. ऑल पिंक. नो ग्रीन ॲट ऑल."

आईने फोन हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. मग परत देत म्हणाली, "फुलतं कधी हे?"

"फेब्रुवारी, मार्च. समथिंग लाइक दॅट."

"मग तोवर कसं कळणार," आई म्हणाली आणि श्रीखंडाची वाटी पुढे ओढली.

लेकीने फोनवरचं पान ओळखायचं ॲपही लावून पाहिलं. त्यानेही कांचनाचं कूळ सांगितलं आणि पुढे तीन नावं देऊन मोकळं झालं. "बघ," आई समाधानाने म्हणाली, "त्यालाही येत नाही."

माझा नवरा हे सगळं पुरणपोळी खाता खाता ऐकत होता. श्रीखंड असूनही त्याला पुरणपोळी लागते, तो पुण्याचा आहे. हमद पोर्टवर कंटेनर कुठून कुठे जातात ते बघणं हे त्याचं काम, आणि झाडांशी त्याचा संबंध एवढाच की आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एक गुलमोहर आहे. ऐन उन्हाळ्यात त्याच्या लाल पाकळ्या नवऱ्याच्या पांढऱ्या गाडीवर पडतात, उन्हाने चिकटतात आणि डाग धरतात. दरवर्षी त्या दिवसांत तो हातात ओलं फडकं घेऊन गुलमोहराला शिव्या घालतो. जगातलं तेवढं एकच झाड त्याला नावाने माहीत आहे. बाकी सगळं त्याच्या लेखी 'झाड'.

दिवाळी झाली. चकल्या मी बिघडवल्या, आईने सुधारल्या. भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी आईने पलंगावर बॅग उघडली आणि साड्यांच्या घड्या घालायला लागली. मी दारात उभी. मनात एक आणि तोंडात भलतंच. "तो खजूर वरून ठेव, खाली चेपेल," असलं काहीतरी मी बोलत होते.

नवरा कामावरून आला, बॅग पाहिली, बूट काढले आणि सहज बोलावं तसं बोलला, "आई, त्या झाडाचं राहूनच गेलं की."

"कुठल्या?"

"ते सोन्याचं. चेरी का कांचन ते."

आईच्या हातातली साडी तशीच राहिली. "हो ना," ती म्हणाली. "अर्धवट सोडून जायचं म्हणजे जिवाला लागून राहतं."

"मग फुलेपर्यंत थांबा. व्हिसा वाढवून मिळतो. मी बघतो."

"तुम्हाला उगाच त्रास, जावईबापू."

"मला कसला? मला पण कळू दे की, आम्ही इतकी वर्षं सोनं म्हणून काय वाटत होतो ते."

आईने साडी बॅगेत ठेवायच्या ऐवजी खुर्चीवर ठेवली आणि म्हणाली, "झाड फुललं की मात्र मी निघणार हं. एक दिवस जास्त नाही." मी लगेच मान डोलावली. त्या क्षणी ती म्हणाली असती की उद्यापासून तुम्ही सगळे उभ्याने जेवा, तरी मी हो म्हटलं असतं.

त्यानंतरचे महिने फार सुखात गेले. थंडी सुरू झाली की दोहा माणसात येतं. दर शुक्रवारी सकाळी आम्ही तिघी फिरायला निघायचो. नवरा सुट्टीचा झोपायचा. आधी मला वाटलं होतं की या गल्ल्यांमध्ये बघण्यासारखं काय आहे? मातकट रंगाच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, एसीचे डबे, सावलीला पसरलेली मांजरं. मी इथे इतकी वर्षं राहून गल्लीतला फक्त बकाला, म्हणजे किराणा दुकान, ओळखत होते, कारण दूध आणि ब्रेड तिथे मिळतो.

आईने पहिल्याच शुक्रवारी मला लाजवलं. भिंतीवरून डोकावणारा शेवगा दाखवला. मशिदीच्या बाजूला शिरीष दाखवला, वाऱ्यावर वाळक्या शेंगा खुळखुळत होत्या. फुटपाथवर ओळीने कडुनिंब होते, मी रोज त्यांच्या सावलीत गाडी लावत होते आणि पाडव्याला कोवळ्या पानांसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मैत्रिणीला फोन करत होते. भेंडीचं झाड दाखवलं, त्याचं पिवळं फूल दुसऱ्या दिवशी लालसर होतं ते दाखवलं. एका व्हिलाच्या कोपऱ्यावर तर ती जागीच थांबली आणि माझा दंड धरला. "भोकर," ती म्हणाली. "अगं, भोकर आहे हे. इकडचे लोक पण खातात की काय?"

"असेल," मी म्हणाले.

"असेल काय? लोणचं घालता येईल ना." आईला परदेश आवडला तो त्या क्षणी, असं माझं मत आहे.

सगळीकडे तेच ते हिरवं कुंपण दिसायचं, कॉनोकार्पसचं. आई त्याच्याकडे बघायची नाही. "याला काय ओळखायचंय," ती म्हणायची, "हे स्वतःच येऊन हात मिळवतं." लेक आजीच्या पुढे-मागे चालायची, फोटो काढायची, आणि प्रत्येक फुललेल्या झाडापाशी विचारायची, "आणि हे? चेरी?" आधी खरंच विचारत होती. नंतर नंतर आजीला चिडवायला. आजीही तितकीच खट, बोगनवेलीला 'ही तुझी वेलचेरी' म्हणायची.

हळूहळू ग्रुपवरच्या बायका आईला, म्हणजे त्यांच्या काकूंना, फोटो पाठवायला लागल्या. काकू, हे काय? काकू, याला पाणी किती? मराठवाड्याकडच्या एकीने बाल्कनीतल्या कुंडीचा फोटो टाकून विचारलं, तर आईने लिहिलं, 'हे प्लॅस्टिकचं आहे.' ती कुंडी भाड्याच्या घरात आधीपासून होती म्हणे आणि ही बिचारी वर्षभर तिला पाणी घालत होती. आम्ही तिला त्यावरून किती छळलं ते विचारू नका.

प्लॅस्टिकवरून आठवलं. लेकीचा चेरीचा हट्ट सुटत नव्हता, म्हणून एका संध्याकाळी ती आजीला मुशैरिबला घेऊन गेली. माझं ऑफिस तिकडेच, मी काम संपवून त्यांना गाठलं. तिथे एका कॅफेच्या दारात चेरीचं झाड आहे, खोडापासून पाकळीपर्यंत कारखान्यात केलेलं. माणसं त्याच्याखाली उभी राहून फोटो काढत होती. आई जवळ गेली, एक पाकळी बोटांत धरली, खोडावर हात फिरवला.

"कसं आहे?" मी विचारलं.

"छान आहे. बारा महिने फुललेली. बिचारीला रजाच नाही," आई म्हणाली आणि आम्ही आत जाऊन इथला दाट करक चहा घेतला. मग तिने स्वतःच लेकीला सांगितलं, माझा पण फोटो काढ. त्या फोटोत ती अशी हसतेय की मी तो फोनच्या पडद्यावर लावलाय.

सुख असं चाललेलं असताना माझ्या मनात एक काळजी मात्र सतत कुरतडत होती. दर शुक्रवारी फेरीचा शेवट त्या झाडापाशी व्हायचा. आई फांद्या निरखायची, मी आईला निरखायचे. नोव्हेंबरात कळी नाही. डिसेंबरात नाही. मला हायसं वाटायचं. एखाद्या झाडाला फूल येऊ नये म्हणून मनातल्या मनात प्रार्थना करणारी मी पहिलीच बाई असेन.

जानेवारीत एका शुक्रवारी गेलो तर झाड छाटलेलं. रस्त्याच्या बाजूच्या सगळ्या फांद्या साफ कापलेल्या, खाली भुसा पडलेला. माझा पहिला विचार काय आला सांगू? सुटलो. यंदा फुलत नाही हे. मग मी आईकडे पाहिलं. ती खोडावर हात ठेवून उभी होती आणि तिचा चेहरा एवढासा झाला होता. मला वाटलं, कांचन कुठला ते कळणार नाही म्हणून.

तेवढ्यात व्हिलाचं फाटक उघडलं आणि काळा अबाया घातलेल्या एक वयस्कर बाई बाहेर आल्या. कतारी होत्या, आईच्याच वयाच्या. घरी काम करणाऱ्या माणसांशी बोलून बोलून त्यांना मोडकंतोडकं हिंदी येत होतं. आम्ही पानचोर पकडले गेलो, असंच मला वाटलं. पण त्यांनी आईला झाडाला हात लावून उभं राहिलेलं पाहिलं आणि विचारलं, "क्या हुआ, मामा?" मामा म्हणजे इकडे आई.

आईचं हिंदी नाशिकचं, म्हणजे मराठीला 'है' लावलेलं. "इसका फूल देखने के लिए मैं रुकी है," ती म्हणाली. "अब कैसा आएगा?"

त्या बाईंनी आम्हाला आत बोलावलं. भिंतीच्या आतल्या बाजूला दोन फांद्या शाबूत होत्या, अंगणावर झुकलेल्या. अंगणात खुर्च्या आल्या, खजूर आले, छोट्या कपांतून अरबी कॉफी, म्हणजे गहवा आला. आई आणि त्या बाई आपापल्या हिंदीत गप्पा मारत बसल्या. गुडघे कुणाचे जास्त दुखतात यावर बराच वेळ गेला. मग त्यांनी विचारलं, "इधर बेटी के पास कितना दिन?"

"फूल आने तक," आई म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे. त्यांनी आईच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "इन्शाल्ला, फूल देर से आएगा."

सगळे हसले. मी पण हसले आणि डोळ्यांत आलेलं पाणी गहव्याच्या नावावर खपवलं. कडू असतो तो, चालून गेलं.

फूल यायचं तेव्हा आलंच. फेब्रुवारी सरता सरता त्या कतारी बाईंनी त्यांच्या कामवालीकडून आईला बोलावणं पाठवलं. आम्ही तिघी गेलो. आतल्या दोन्ही फांद्यांवर पान म्हणून उरलं नव्हतं, सगळं गळून गेलं होतं, आणि काड्यांना बिलगून गुलाबी-जांभळी फुलं. खाली फरशीवरही पडलेली. लेक म्हणाली, "ओके. दॅट्स प्रीटियर दॅन चेरी." तिच्या तोंडून हे म्हणजे बरंच झालं.

आईने पडलेलं एक फूल उचललं, तळहातावर उलगडलं आणि आम्हाला दाखवलं. "पाकळ्या रुंद, एकमेकींवर चढलेल्या. आणि पुंकेसर मोजा. पाच. देवकांचनाला तीन असतात. हा साधा कांचन." आवाज वर्गातला होता, स्वच्छ. मग तिने ते फूल केसांत माळलं. ती केसांत फूल माळत नाही सहसा.

घरी येऊन ती म्हणाली, "चला. कळलं एकदाचं. आता माझं तिकीट बघा." आणि कपाटाखालून बॅग ओढली.

भांडायचं बळच नव्हतं. त्या दुपारी बसल्या बसल्या फोनमधले जुने फोटो चाळत होते, त्यात लेकीने पाठवलेला तो आदल्या वर्षीचा फोटो आला. स्कूल बसमधून काढलेला, तिरका. ऑल पिंक, नो ग्रीन ॲट ऑल. मी तो मोठा करून पाहिला. एकही पान नव्हतं.

आणि माझ्या डोक्यात नववीचा वर्ग उभा राहिला. फळ्यापाशी आई, हातात दोन फांद्या. देवकांचन दिवाळीच्या सुमारास फुलतो आणि तेव्हा त्याची पानं झाडावर असतात. कांचन थंडी सरताना फुलतो, पानं झडून गेल्यावर. हे तिने आम्हाला घोकून घेतलं होतं. मी वर्गाबाहेर उभी असतानासुद्धा दारातून ऐकलं होतं. मग दसऱ्याला तो फोटो हातात घेऊन इतका वेळ बघणाऱ्या बाईला काय कळायचं बाकी राहिलं होतं?

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी समोर बसले आणि फोन तिच्यापुढे ठेवला. "तुला दसऱ्यालाच कळलं होतं," मी म्हणाले.

तिने फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. एक काडी मोडली, पान वेगळं केलं. "हो," ती म्हणाली.

"मग फोटो बघून वर 'तोवर कसं कळणार' म्हणालीस, ते काय होतं?"

"मला राहायचं होतं." ती मेथीकडेच बघत होती. "त्या फ्लॅटमध्ये मला भीती वाटते आता. बाथरूमला जाताना भिंत धरून जाते. पण तुझ्याकडे राहू का, हे विचारायला तोंड उघडत नव्हतं. जावई नाही म्हणणार नाहीत, माहीत आहे. म्हणून तर आणखीच विचारता येत नाही. झाडासाठी थांबले असं म्हटलं की कसं, थांबता येतं."

मी उठले आणि तिला मिठी मारली. आमच्यात मिठीबिठीची पद्धत नाही, मेथीची जुडी मधे चेंगरली. "मग जाऊ नकोस," मी म्हणाले. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

"शब्द दिलाय ना," ती म्हणाली. "फुललं की निघते म्हणाले होते. तुझ्या नवऱ्यासमोर म्हणाले. आता कुठल्या तोंडाने थांबू?" आणि पदराने माझे डोळे पुसून पुन्हा मेथी घेतली. हे पाहून मला रडता रडता राग आला. इतकी हुशार बाई आणि इतकी हट्टी.

नवरा त्या वेळी बाहेरच्या खोलीत होता. दुपारची शिफ्ट नव्हती त्याला. त्याने किती ऐकलं हे त्याने मला आजवर सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. एवढंच कळलं की दार उघडल्याचा आवाज आला, तो खाली गेला आणि थोड्या वेळाने परत आला.

संध्याकाळी आम्ही चौघे जेवायला बसलो. मेथीची भाजी, भाकरी, ठेचा. आईची बॅग दिवाणखान्यात भिंतीला टेकवून ठेवलेली, जाता-येता दिसावी अशी. नवऱ्याने खिशातून एक डहाळी काढली आणि आईच्या ताटाशेजारी ठेवली. पिसासारखी बारीक बारीक पानं, थोडी चुरगळलेली.

"आई, हे एक सापडलं," तो म्हणाला. "कधीपासून विचारीन म्हणतोय. मला काही ओळखू येत नाही."

मी डहाळीकडे पाहिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो गंभीरपणे भाकरी मोडत होता.

आईने चष्मा कपाळावर सरकवला. डहाळी डोळ्यांजवळ नेली, उलटी केली, देठ बोटांत धरून फिरवला. हे झाड तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. खाली पार्किंगमध्ये ती रोज त्याच्यासमोरून जात होती.

"कधी फुलतं हे?" तिने विचारलं.

"मे-जूनमध्ये म्हणे," नवरा म्हणाला. "पण इथलं काही सांगता येत नाही. कधीकधी पुढच्या वर्षीवर पण जातं."

आईने मान खाली घातली. त्या डहाळीकडे बघतच ती बोलली, आणि तिचा आवाज वर्गातला नव्हता.

"फुलल्याशिवाय सांगता येणार नाही, जावईबापू."

"मग मी उद्या व्हिसाचं बघतो," तो म्हणाला आणि ठेचा मागितला.

लेक आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघत होती. "व्हॉट? आजी, दॅट्स गुलमोहर. इट्स राइट देअर इन द पार्किंग."

"तू गप गं," आईने डहाळी आपल्या ताटाजवळ नीट ठेवली. "तुला तर कांचन चेरी वाटला होता."